रिपोर्टात ‘नॉर्मल’ असलेलं ०.६: हृदयाच्या शस्त्रक्रियेत एका मुलीची किडनी जपताना

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली अडीच वर्षांची मुलगी. वजन ९.२ किलो, उंची ८२ सेंटिमीटर. आई-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेले, लेकरू आजीजवळ. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा डॉक्टरांना छातीत जादा आवाज ऐकू आला. २०१३ पासून ही पथकं गावोगाव फिरतात. या मुलीच्या बाबतीत ती फिरली नसती तर निदान आणखी दोन-तीन वर्षं लांबलं असतं, असं मला वाटतं. घरच्यांच्या लेखी ती फक्त ‘अंग न धरणारी’ पोर होती.

टूडी इकोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाबही वाढलेला होता. असं मोठं छिद्र एरवी पहिल्या वर्षातच बंद करतात, म्हणजे इथे उशीर झालेलाच होता. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे जादा पाणी काढणारं) आणि एनालाप्रिल (रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार कमी करणारं) सुरू झालं. त्या वेळचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, ०.३ मिग्रॅ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली आणि छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. लहान मुलांच्या किडनीचा डॉक्टर म्हणून माझा संबंध तिथून आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अडचण

दाखल केल्याच्या दिवशी सगळ्या तपासण्या झाल्या. क्रिएटिनीन आलं ०.६. लॅबच्या कागदावर शेजारी ‘०.५ ते १.२’ छापलेलं, त्यामुळे आकडा ठळक झाला नाही, बाण आला नाही, फाइल भूलतज्ज्ञांकडे गेली. ही मर्यादा मोठ्या माणसांची. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं आणि नऊ किलोच्या लेकराला स्नायू ते किती असणार! तिचं स्वतःचं ०.३ होतं, ते दुप्पट झालं होतं. श्वार्ट्झच्या बेडसाइड सूत्राने (०.४१३ गुणिले उंची, भागिले क्रिएटिनीन) हिशेब केला तर किडनीची गाळण्याची क्षमता ११३ वरून ५६ वर उतरलेली. क्रिएटिनीन चढतं असताना हे सूत्र नेमकं लागू पडत नाही, पण दिशा कळायला तेवढं पुरे.

हे लक्षात आलं ते आजीमुळे. वॉर्डातल्या सिस्टर सवयीप्रमाणे लघवीचं विचारत होत्या. आजी म्हणाल्या, “लेकरू दिवसातून एकडावच मुतायलंय, तेबी पिवळंजर्द.” सिस्टरनी ते केसपेपरवर लिहिलं आणि निवासी डॉक्टरने जुना रिपोर्ट शोधून काढला.

मग बाकीची हकीकत निघाली. दहा-बारा दिवसांपूर्वी मुलीला जुलाब लागले होते. ताप होता. गावाजवळच्या डॉक्टरांनी तापासाठी मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप दिलं आणि तीन दिवस अमिकासिन या अँटिबायोटिकची सुई. त्या काळात हृदयाची दोन्ही औषधं आजींनी न चुकता दिली. ‘एकही डोस चुकवायचा नाही’ असं त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. यात कोणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी जे करायचं ते केलं, पण सगळं एकाच किडनीवर येऊन पडलं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, फ्युरोसेमाइडने उरलेलं काढलं. मेफेनॅमिकने किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळली, एनालाप्रिलने रक्त बाहेर नेणारी सैल केली, त्यामुळे गाळणीतला दाबच पडला. त्यात अमिकासिन किडनीच्या नलिकांना थेट इजा करणारं.

पहिला निर्णय: तारीख धरायची की सोडायची

सर्जनचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. फुफ्फुसातला दाब वाढत चाललाय. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातली बायको इथे बसली की अर्धाच उरतो. आज घरी पाठवलं तर हे कुटुंब कधी परत येईल? योजनेचं पॅकेजही ठरलेलं. आधीचे जादा दिवस रुग्णालयाच्या अंगावर येतात.

दुसऱ्या बाजूला, आधीच दुखावलेली किडनी घेऊन बायपासवर जाणं मला पटत नव्हतं. बायपास म्हणजे शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन. त्यावर रक्त पातळ होतं, त्याचा प्रवाह हृदयाच्या ठोक्यांसारखा न राहता सपाट वाहतो, लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन मोकळं होतं आणि शरीरभर दाह उसळतो. निरोगी किडनीलाही हा मार बसतो. पूर्ण न सावरलेल्या किडनीवर तो पुन्हा बसू द्यायचा का, एवढाच प्रश्न होता.

एक शंका रास्त होती: ०.३ आणि ०.६ वेगवेगळ्या लॅबचे आकडे. जुन्या याफे पद्धतीत रक्तातले इतर पदार्थही क्रिएटिनीन म्हणून मोजले जातात आणि इतक्या खालच्या आकड्यांत ती चूक मोठी ठरते. म्हणून एन्झायमॅटिक पद्धतीने पुन्हा मोजलं. ०.६ च आलं. शंका मिटली.

शेवटी मधला मार्ग निघाला. मुलीला घरी पाठवायचं नाही आणि लगेच टेबलावरही न्यायचं नाही, वॉर्डातच ठेवायचं. एनालाप्रिल बंद. फ्युरोसेमाइड निम्मं, पूर्ण थांबवलं असतं तर हृदयाने मान टाकली असती. पाणी तोंडाने, ओआरएस मोजून थोडं थोडं, कारण अशा हृदयाला सलाईनचा लोट सोसत नाही. सर्जननी स्वतःहून एक चांगली गोष्ट केली. कॅथेटर घालून दाब मोजायचा बेत त्यांनी रद्द केला. इको स्पष्ट होता आणि ऑक्सिजनचं प्रमाण ९७ टक्के होतं, म्हणजे रक्त अजून डावीकडून उजवीकडेच वाहत होतं. त्यामुळे किडनीला त्रास देऊ शकणारी डाय टोचावी लागली नाही.

एक दिवसाआड क्रिएटिनीन पाहिलं: ०.५, ०.४, मग ०.३५. आठव्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली. आईला थांबायला राजी करण्याचं काम समाजसेवा अधीक्षकांनी केलं आणि मुकादमाशी फोनवर बोलले तेही तेच. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

शस्त्रक्रिया

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण सगळं ठरल्यासारखं झालं. ती यादीत दुसऱ्या नंबरवर होती. अशा मुलांना सकाळपासून उपाशी-तहानलेलं ठेवायची जुनी खोड मोडून सिस्टरनी भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साखरपाणी दिलं. मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने लहान नळ्यांचं सर्किट घेतलं म्हणजे रक्त कमी पातळ होईल, आणि शेवटी मॉडिफाइड अल्ट्राफिल्ट्रेशनने जादा पाणी काढलं. छिद्रावर पॅच बसला. बायपास दीड तासाच्या आसपास चालला.

पोटात डायलिसिसचा कॅथेटर आत्ताच घालून ठेवावा का, हा मुद्दा निघाला होता. सर्जन नको म्हणाले: मूल अडीच वर्षांचं, साधं छिद्र, गरज पडणार नाही. मी आग्रह धरला नाही.

दुसरा निर्णय: रात्रीची लघवी

बायपासनंतर साधारण सहा ते अठरा तासांत हृदयाची ताकद तात्पुरती उतरते. आयसीयूत काम करणाऱ्यांना हे पाठ असतं. संध्याकाळपर्यंत लघवी तासाला किलोमागे १ मिलीच्या वर होती. रात्री अकराला सिस्टर म्हणाल्या, “सर, युरोमीटरमध्ये दोन तासांत सातच मिली आलंय.” म्हणजे किलोमागे तासाला ०.४ च्या खाली. त्यांनी नळीला पीळ पडलाय का पाहिलं, कॅथेटर फ्लश करून तो मोकळा असल्याची खात्री केली आणि मगच फोन केला. हा क्रम महत्त्वाचा. तुंबलेल्या कॅथेटरवर औषधांचा मारा केल्याचे प्रकार मी पाहिले आहेत.

रक्तदाब ७२/४०. हातपाय गार, ठोके १६५, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की वाढतं) २.१ वरून ३.८. मोठ्या शिरेतला दाब, म्हणजे सीव्हीपी, १३.

पुढे काय, यावर तीन मतं आली. पहिलं, फ्युरोसेमाइडचा डोस द्या, लघवी सुटेल. दुसरं, दाब कमी आहे, सलाईनचा बोलस, म्हणजे एकदम मोठी मात्रा, द्या. तिसरं, ‘रीनल डोस’ डोपामिन लावा. तिसरं लगेच बाजूला पडलं. कमी मात्रेतल्या डोपामिनने किडनी वाचते हा समज ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मोठ्या माणसांवरच्या चाचणीने २००० मध्येच खोटा ठरवला, तरी तो आयसीयूंमध्ये टिकून आहे. अॅमिनोफायलिनचंही तसंच. २०१६ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांवर ते तपासलं गेलं, फायदा दिसला नाही. या दुखण्यावर रामबाण औषध नाही, आणि म्हणून बाकीच्या साध्या गोष्टी नीट कराव्या लागतात.

उरलेल्या दोन मतांसाठी मी एक गणित मांडायला सांगितलं. रक्तदाबाची सरासरी ५१. त्यातून सीव्हीपीचे १३ वजा केले की किडनीतून रक्त ढकलायला उरतात फक्त ३८. किडनीला रक्तच पोहोचत नसताना फ्युरोसेमाइड देऊन उपयोग काय? आणि सीव्हीपी आधीच १३ असताना वर सलाईन दिलं तर तो १५ होईल आणि ३८ चे आणखी कमी होतील.

मध्यरात्री इको केला. पॅच पक्का, हृदयाभोवती रक्त साठलेलं नाही, पण फुफ्फुसातल्या दाबापुढे उजवा कप्पा दमलेला. म्हणजे किडनीचा प्रश्न छातीत होता. मुलीला गाढ झोपवलं, व्हेंटिलेटरची जुळवाजुळव केली, हृदयाला बळ देणाऱ्या मिलरिनोनबरोबर अगदी थोडं अॅड्रेनालिन जोडलं, फुफ्फुसातला दाब उतरवायला नळीतून सिल्डेनाफिल सुरू केलं. नायट्रिक ऑक्साइड वायू तयार ठेवला होता, पण लागला नाही. तीनच्या सुमारास दाब ८८/५२, सीव्हीपी १०. सरासरी ६४ मधून १० गेले, उरले ५४. लघवी किलोमागे तासाला १.२ झाली. तोपर्यंत फ्युरोसेमाइडचा एक थेंबही गेला नव्हता.

त्याच वेळी चार्टवर एक ओळ लिहून ठेवली: अंगात साठलेलं पाणी वजनाच्या १० टक्क्यांवर गेलं, किंवा पोटॅशियम ६ च्या वर गेलं, किंवा लघवी बारा तास ०.५ च्या खाली राहिली, तर पोटाचं डायलिसिस सुरू. अशा मर्यादा शांत डोक्याने आधी लिहिलेल्या बऱ्या. पहाटे चार वाजता ‘अजून एक तास बघू’ हा मोह प्रत्येकाला होतो.

कुठून आलं एवढं पाणी?

सकाळी सहाला आवक-जावक मांडली. आवक ६१० मिलीने जास्त. ९,२०० ग्रॅमच्या मुलीत हे ६.६ टक्के. पण सलाईन तर आम्ही निम्म्यावर ठेवलं होतं, दिवसाला ४६० मिली.

सिस्टर इनचार्जनी एकेक नळी हाताने मागे मागे जाऊन तपासली. धमनीतली लाइन आणि सीव्हीपीची लाइन तुंबू नये म्हणून प्रेशर बॅगमधून प्रत्येकीला तासाला ३ मिली जात होते. दोन नळ्या, चोवीस तास: १४४ मिली. ऑर्डरशीटवर हे कुठेच नसतं. प्रौढ रुग्णाला त्याचं काही वाटत नाही, पण या मुलीच्या ठरवलेल्या पाण्याच्या ते जवळपास एक-तृतीयांश. शिवाय अँटिबायोटिक विरघळवलेलं पाणी, प्रत्येक औषधानंतरचा फ्लश, कॅल्शियम, रक्ताची पिशवी. त्या दिवसापासून दोन्ही लाइन सिरिंज पंपावर तासाला १ मिलीने चालवल्या आणि औषधं शक्य तेवढ्या कमी पाण्यात दिली.

साठलेलं पाणी क्रिएटिनीनही लपवतं. सकाळचा आकडा ०.५ होता. ०.३५ च्या मानाने ही १.४३ पट वाढ. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या क्रिएटिनीनच्या निकषाप्रमाणे दीडपट झाल्याशिवाय, किंवा ४८ तासांत ०.३ वाढल्याशिवाय, किडनीला इजा म्हणत नाहीत. पण शरीरातलं एकूण पाणी वजनाच्या साठ टक्के, म्हणजे ५.५ लिटर धरलं आणि त्यात हे ०.६१ लिटर मिसळलंय हे लक्षात घेतलं, तर खरा आकडा ०.५५ च्या पुढे जातो. दीडपटीची रेषा ओलांडलेली.

आता रक्तदाब चांगला होता आणि पाणी जादा होतं, म्हणून फ्युरोसेमाइड दिलं, किलोला १ मिग्रॅ. दोन तासांत ४५ मिली लघवी झाली. डायलिसिसचा विचार मागे पडला.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनीन ०.७ झालं, मूळच्या दुप्पट, म्हणजे इजेची दुसरी पायरी. मिलरिनोन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून त्याची मात्रा कमी केली. ताप आला आणि व्हॅन्कोमायसिन-अमिकासिनची ऑर्डर लिहिली गेली. ती थांबवली. बायपासनंतर सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) तसाही वाढलेला असतो, मूल स्थिर होतं, छातीचा फोटो स्वच्छ होता. कल्चर पाठवून किडनीला न दुखावणारं एकच अँटिबायोटिक ठेवलं. कल्चर कोरं आलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि फेंटानिल वापरलं, मेफेनॅमिकच्याच गटातलं केटोरोलॅक नाही.

तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. पाचव्या दिवशी क्रिएटिनीन ०.४५, घरी जाताना ०.४.

तिसरा निर्णय: उन्हाळ्यात घरी पाठवताना

एप्रिल सुरू होता. बीडचा पारा चाळिशीकडे, गावात टँकर. मुलगी काही आठवडे फ्युरोसेमाइडवर राहणार होती. याच घरातून, याच औषधांवर, जुलाब झाल्यावर ती पहिल्यांदा बिघडली होती. एनालाप्रिलची आता गरज नव्हती, ते गेलं. पण उरलेलं?

शहरात आठवडाभर ठेवायचं तर खोलीचं भाडं कोण देणार? आई-बाप तिला फडावर न्यायला निघाले होते, तिथे कोपीत तर सावलीही धड नाही. आजी म्हणाल्या, “माझ्यापाशी राहू द्या, म्या बघते.” आजींची नजर आम्ही एकदा पाहिली होती. आजींकडेच ठरलं.

औषधाच्या बाटलीवर सिस्टरनी लाल चिकटपट्टी लावली. आजींना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांच्याकडून तोंडी वदवून घेतलं: जुलाब-उलटी लागली, पोर पाणी पीत नसली की लाल बाटली बंद आणि आशाताईंना फोन. आशाताईंना आठवड्याला वजन आणि दिवसात किती वेळा लघवी, एवढंच विचारायला सांगितलं. डिस्चार्ज कार्डावर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘हिचं क्रिएटिनीन ०.३ ते ०.३५. ०.५ म्हणजे वाढलेलं. मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, अमिकासिन, जेंटामायसिन विचारल्याशिवाय देऊ नका.’

गावाजवळच्या त्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. आधीच्या सिरपचा विषय काढला नाही. मुलगी आता काय घेते, ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचं आणि अडचण आली तर माझा नंबर हा, एवढंच बोललो. मे महिन्यात तिला पुन्हा ताप आला तेव्हा त्यांनी सुई काढण्याआधी मला फोन केला.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी, आषाढाच्या सुमारास, मुलगी तपासणीला आली. वजन १०.६ किलो, क्रिएटिनीन ०.३२, गाळण्याची क्षमता १०८ च्या आसपास, लघवीत प्रथिन नाही, रक्तदाब वयाला साजेसा. इजा झालेली किडनी बरी झाली म्हणून विसरायची नसते. पुढे रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा पाहावं. तिची तारीख आम्ही दसऱ्याआधीची दिली, टोळ्या निघायच्या आत.

वेगळं काय करता आलं असतं

फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल सुरू केलं त्याच दिवशी ‘जुलाब लागले तर काय’ हे आजींना सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर आठ दिवस वॉर्डात काढावे लागले नसते. आता हृदयाच्या ओपीडीत ही सूचना औषधाबरोबरच दिली जाते.

आमच्या लॅबने मुलांच्या वयानुसार मर्यादा छापायला सुरुवात केली आहे. बाहेरच्या लॅबचं आमच्या हातात नाही.

एनगालसारखी, म्हणजे किडनीच्या इजेची लवकर चाहूल देणारं प्रथिन मोजणारी तपासणी असती तर इजा काही तास आधी कळली असती का? कदाचित. २००५ मध्ये मुलांवरच्याच अभ्यासात ते बायपासनंतर दोन तासांत वाढताना दिसलं होतं. पण रात्री अकराला युरोमीटरने जे सांगितलं त्यापेक्षा वेगळं काही त्याने करायला लावलं असतं, असं मला वाटत नाही. तेवढे पैसे असतील तर मी आधी बेडवरच वजन करणारे काटे घेईन.

डायलिसिसच्या कॅथेटरवरून मात्र आमचं अजून एकमत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ७३ तान्ह्या बाळांवरच्या चाचणीत, लघवी कमी झाल्यावर लवकर पोटाचं डायलिसिस केलेल्यांच्या अंगात पाणी कमी साठलं. फ्युरोसेमाइडवर ठेवलेल्यांत १० टक्क्यांवर जाणाऱ्यांचं प्रमाण तिपटीच्या घरात होतं. सर्जन म्हणतात, ती बाळं वेगळी, ही अडीच वर्षांची. विनाकारण पोटाला भोक नको. माझं म्हणणं, फुफ्फुसातला दाब वाढलेला आणि किडनी नुकतीच सावरलेली असेल तर वय बघू नये, कारण पहाटे चारला आयसीयूत कॅथेटर घालणं आणि दिवसा टेबलावर घालणं यात फरक आहे. सध्या एवढ्यावर तडजोड झाली आहे की अशा मुलांच्या वेळी कॅथेटरचा संच आयसीयूच्या ट्रॉलीवर आधीच आणून ठेवायचा आणि तो कोण घालणार, त्याचं नाव संध्याकाळच्या राउंडला ठरवायचं.